चालणं जमून जातं, ताकद कमवावी लागते

कार्डिओ करू की वजनं उचलू, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडच्या बहुतेक बायका वजनकाट्याला विचारून ठरवतात. भराभर चाललं की घाम निघतो, पहिल्या महिन्यात काटा थोडा खाली सरकतो, म्हणून कार्डिओची निवड होते आणि डंबेल्सचा कोपरा पुरुषांसाठी सोडला जातो. या निवडीबाबत मला सावध करायचं आहे. दम लावणारा व्यायाम आणि स्नायूंवर ताण देणारा व्यायाम, शरीराला दोन्ही लागतात, याबद्दल वाद नाही. पण जिच्या हाती आठवड्यातून मोजकाच वेळ उरतो, तिने तो आधी ताकदीच्या व्यायामासाठी राखून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. कारण चालणं दिवसभराच्या धावपळीत कुठेही बसवता येतं. ताकद मात्र वेळ काढून कमवावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस दमाचा व्यायाम सुचवतात. त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायामही सांगितला आहे. पहिली अट सगळ्यांना ठाऊक असते, दुसरी कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्या वर्षी आणखी एक बदल झाला. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरत नसत. ती अट काढून टाकली गेली. म्हणजे स्टेशनपर्यंत झपाझप चालणं, लिफ्ट सोडून तीन मजले चढणं, एक स्टॉप आधी उतरून घरी येणं हे सगळं आता जमेला धरलं जातं. वेग एवढाच हवा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. ताकदीला ही सवलत नाही. सवयीपेक्षा जास्त भार पडला तरच स्नायू वाढतो, आणि असा भार आजच्या शहरी दिनक्रमात आपसूक पडत नाही.

बाईच्या बाबतीत हे अधिक निकडीचं का, तेही पाहू. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. हाडांची घनताही तिशीच्या आसपास शिखर गाठून उतरणीला लागते. त्यात भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकर थांबते आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. निव्वळ चालण्याने ही घसरण फारशी रोखली जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला लिफ्टमोर हा प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. पाळी थांबलेल्या आणि हाडं ठिसूळ होऊ लागलेल्या १०१ बायकांपैकी एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटाची कमरेच्या मणक्यांतली घनता २.९ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची १.२ टक्क्यांनी घटली. वयाचं म्हणाल, तर अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या घरातल्या मंडळींनी आठ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अभ्यास अगदी छोटा होता, पण ‘आता या वयात काय होणार’ या वाक्याला उत्तर द्यायला तो पुरेसा आहे.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: वजनं उचलली की अंग पुरुषी होईल. पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बायकांच्या पंधरा पट किंवा त्याहूनही जास्त असतं. त्यांच्यासारखे फुगीर स्नायू बाईला अपघाताने मिळत नाहीत. टोकियोत रौप्यपदक जिंकताना मीराबाई चानूने ११५ किलो डोक्यावर तोलले, आणि ती उतरली होती ४९ किलोच्या गटात. शिवाय जी बाई जिममध्ये दोन किलोच्या डंबेलवर समाधान मानते, तीच घरी गॅसचा भरलेला सिलिंडर जागेवर नेऊन बसवते. त्यात १४.२ किलो गॅस आणि जवळपास तितकंच टाकीचं वजन, म्हणजे एकूण तीसेक किलो. फरक इतकाच की सिलिंडर हलवताना कंबर वाकते, झटका बसतो आणि मग दोन दिवस पाठ धरते. तोच भार गुडघे आणि खुबे वाकवून, पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर कसा उचलायचा, हेच ताकदीचा व्यायाम शिकवतो.

दुसरा आक्षेप घरकामाचा. झाडू, पोछा, धुणं, स्वयंपाक यात व्यायाम होतोच की! हालचाल होते, हे खरं. पण बादली दहा वर्षांपूर्वी जेवढी होती तेवढीच आज आहे, त्यामुळे स्नायूला नवं काही करावं लागत नाही. थकवा वाढतो, ताकद नाही. जी बाई दिवसभर शेतात राबते किंवा बांधकामावर पाट्या उचलते, तिला मात्र मी हा उपदेश करणार नाही. तिला विश्रांती आणि पोटभर सकस जेवण यांची गरज आधी आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप हृदयाचा. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेल्याचं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं, उच्च रक्तदाबही घरोघरी आहे. अशा वेळी कार्डिओला दुय्यम का मानायचं? दुय्यम मानूच नये. दमसास आणि हृदयाची क्षमता वाढवण्यात कार्डिओला तोड नाही. पण जेवणानंतर रक्तातली साखर ओढून घेणारं सर्वांत मोठं कोठार स्नायूच आहेत, आणि ते भरभक्कम असले तर साखर आटोक्यात ठेवायला मदत होते. इथे जिमवाल्यांच्या अतिशयोक्तीलाही आळा घालायला हवा. एक किलो स्नायू बसल्या जागी दिवसाला जेमतेम १३ कॅलरी जाळतो, म्हणून ‘मसल वाढवा, चरबी आपोआप वितळेल’ हे आश्वासन पोकळ आहे. वजन मुख्यतः ताटावर ठरतं. व्यायामाची निवड त्या एका आकड्यावर करूच नये.

आता करायचं काय? आठवड्यातले दोन वार ठरवा, मध्ये किमान एक दिवस सोडा आणि प्रत्येकी अर्धा तास द्या. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून जोर, पिशवीत पाच किलोची आट्याची थैली घालून ती जमिनीवरून नीट उचलणं, आणि तीच पुढे वाकून कोपर मागे नेत पोटाकडे ओढणं. इतक्यात मोठे स्नायू बहुतेक येतात. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा करा. शेवटच्या दोन वेळा कठीण जायला हव्यात. त्या सहज होऊ लागल्या की भार वाढवा, हीच खरी मेख आहे. भार उचलताना श्वास सोडा, कोंडू नका. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, हाड मोडण्याचा इतिहास असेल, नुकतं बाळंतपण झालं असेल किंवा खोकताना लघवी सुटत असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. हिमोग्लोबिनही तपासून घ्या, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. धाप लागण्याचं मूळ तिथेही असू शकतं. प्रथिनांचा हिशेबही ठेवा. वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम ही आयसीएमआरची शिफारस आहे, म्हणजे ६० किलोच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम. पातळ वरणाची वाटी पाच-सहा ग्रॅमच देते, तेव्हा उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत हवं.

रोज चालत असाल तर चालणं मुळीच सोडू नका. आठवड्यातले दोन दिवस मात्र ताकदीला द्या. आणि यातलं काहीच करत नसाल, तर सुरुवात त्या दोन दिवसांपासूनच करा.