कुंपणालाही अर्थिंग हवे



आपल्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, मागील जिन्याच्या वाटेलगत, मुख्य विद्युत वितरण पॅनेलभोवती लोखंडी जाळीचे कुंपण आहे. अनधिकृत व्यक्तीने आत जाऊ नये, हा त्याचा हेतू. वार्षिक हिशेबात ‘जाळीचे अर्थिंग’ हा खर्च पाहून, खांब फरशीत पक्के रोवलेले असताना हा वेगळा खर्च कशासाठी, अशी पृच्छा झाली. आम्ही वाणिज्य शाखेचे. हा प्रश्न प्रथम आम्हांसही पडला होता. जाणकारांकडून जे समजले, ते येथे नम्रपणे मांडीत आहोत.

एखाद्या तारेचे आवरण झिजून ती जाळीला टेकली, तर संपूर्ण जाळीत वीज उतरते. जाळी केवळ स्वतःच्या स्वतंत्र सळईने मातीशी जोडलेली आहे, असे समजू. त्या सळईचा रोध ५ ओहम आणि रोहित्राकडील अर्थिंगचा रोधही ५ ओहम धरल्यास, २३० व्होल्टच्या दाबाने केवळ २३ अँपिअर प्रवाह वाहील. १०० अँपिअरचा फ्यूज एवढ्याने वितळत नाही. दोष तसाच राहतो आणि जाळीवर सुमारे ११५ व्होल्टचा दाब टिकून राहतो. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाने तिला हात लावला, तर त्याच्या शरीरातून १०० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जाऊ शकतो. हृदयाला तर ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही काळ वाहिला तरी धोका संभवतो.

यावर उपाय म्हणजे जाळी, पॅनेलचा सांगाडा आणि मुख्य अर्थपट्टी ही तिन्ही धातूच्या जाड पट्टीने एकमेकांस जोडणे. दोषाच्या संपूर्ण मार्गाचा रोध ०.१ ओहम राहिला, तर प्रवाह २,३०० अँपिअरपर्यंत जातो आणि सर्किट ब्रेकर तत्काळ वीज तोडतो. शिवाय एक हात जाळीवर व दुसरा पॅनेलवर असला, तरी दोहोंतील दाबाचा फरक अत्यल्प राहतो. याचा अर्थ असा की, केवळ मातीशी नाते पुरेसे नाही. धातूचे धातूशी नाते हवे.

जाळीचे फाटक मात्र सहज विसरले जाते. रंग व गंज यांमुळे बिजागरीवर विसंबता येत नाही. म्हणून खांब व फाटक यांदरम्यान तांब्याची लवचीक विणीव पट्टी बसवितात आणि जोडाच्या जागी रंग खरवडून बोल्ट घट्ट आवळतात. भारतीय मानक ३०४३ (१९८७, सुधारित २०१८) हे अर्थिंगविषयीच आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही यंत्रांच्या धातूच्या सांगाड्यांना दोन स्वतंत्र अर्थजोडण्या आवश्यक मानल्या आहेत.

रुग्णांच्या आप्तेष्टांस विनंती की, या जाळीवर ओले कपडे वाळत घालू नयेत व तिला टेकून बसू नये. कोठे पट्टी तुटलेली दिसल्यास स्वतः हात न लावता कार्यालयास त्वरित कळवावे.

नव्या यंत्रावर दात्याचे नाव कोरले जाते. या पट्टीवर कोणाचेही नाव नसते. तथापि, रात्री त्या जिन्याने डबा घेऊन येणारा नातेवाईक सुखरूप वर पोहोचतो, त्यात या पट्टीचा आणि पर्यायाने आपल्या देणगीचा वाटा आहे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.