स्टेशनपासून चारशे मीटर

एफएसआयला मराठीत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतात. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो एका सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, रीडेव्हलपमेंटच्या कागदात. पण मला तो इंग्लिश शब्दापेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात व्याख्या आपोआप येते. इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर मिळून जेवढी चटई अंथरता येईल, त्याला प्लॉटच्या क्षेत्रफळाने भागायचं. झाला एफएसआय. ६०० चौरस मीटरच्या प्लॉटवर एफएसआय १ असेल तर ६०० चौ.मी. चटई. ती एकाच मजल्यावर पसरा, नाहीतर २०० - २०० चे तीन मजले करा.

गंमत अशी, की बिल्डरपासून नगरसेवकापर्यंत सगळे या एकाच आकड्यावर बोलतात. आकडा वाढला की घरं वाढली, असा समज. प्रत्यक्षात प्लॉटवर काय उभं राहणार आणि तिथे कोण राहणार, हे बाजूचे छोटे नियम ठरवतात. हे समजून घ्यायला मी सिडनीचं उदाहरण घेतलंय, कारण तिथे जुन्या उपनगरांसाठीचे नियम अगदी अलीकडे बदलले आणि आकडे आपल्या कॅल्क्युलेटरला झेपणारे आहेत.

आधी प्रश्न काय होता ते बघू. सिडनीत रेल्वे लाईनच्या कडेने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उपनगरं वसली. स्टेशन, चार दुकानं, आणि मागे कौलारू बंगले, पुढे-मागे अंगण. स्टेशनवर गाड्या वाढल्या, बंगले तसेच राहिले, कारण जमिनीचा मोठा भाग ‘आर-टू’, म्हणजे कमी घनतेच्या निवासी झोनमध्ये होता आणि तिथे बहुतेक स्थानिक कौन्सिलांनी फ्लॅट्सना मनाईच केली होती. शहर मग बाहेरच्या बाजूला पसरत गेलं. तिथल्या राज्याच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रिपोर्ट काढला. २०१६ ते २०२१ या काळात तीस ते चाळीस वयाचे सुमारे ३५,००० लोक सिडनीत आले आणि त्याच वयाचे जवळजवळ ७०,००० शहर सोडून गेले, दुप्पट! असंच चाललं तर हे नातवंडं नसलेलं शहर होईल, असा इशारा कमिशनने दिला. सोडून जाणाऱ्यांत नोकरीला लागलेली, पण भाडं न परवडणारी माणसं आहेत. म्हणजे आपण अजून दहा वर्षांनी जे असू, ते.

आता नियम. न्यू साउथ वेल्स राज्याने १३ मे २०२४ पासून ठराविक स्टेशनांभोवती, साधारण ४०० मीटरच्या आत, कौन्सिलला बाजूला ठेवून स्वतःचे नियम लागू करायला सुरुवात केली. एकूण ३७ स्टेशनं निवडली, त्यातली काही न्यूकॅसलसारख्या सिडनीबाहेरच्या भागातली. एफएसआय (तिकडे एफएसआर म्हणतात) २.५. फ्लॅट्सच्या इमारतीची उंची २२ मीटर. प्लॉटची रुंदी किमान २१ मीटर. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, सगळी मेख तिथे आहे.

समजा एक बंगला १५ मीटर रुंद आणि ४० मीटर खोल प्लॉटवर आहे. क्षेत्रफळ ६०० चौ.मी., गुणिले २.५ म्हणजे १,५०० चौ.मी. चटई. मालक खूश. पण रुंदी २१ मीटर नाही, म्हणून हा प्लॉट एकटा नियमात बसतच नाही. बरं, ही अट नसती तरी काय झालं असतं? तिथल्या अपार्टमेंट डिझाईन गाईडप्रमाणे पहिल्या चार मजल्यांपर्यंत राहत्या खोलीच्या खिडकीपासून बाजूच्या हद्दीपर्यंत ६ मीटर मोकळे हवेत, वरच्या मजल्यांना आणखी जास्त. १५ मधून दोन्ही बाजूचे ६ - ६ गेले, उरले ३ मीटर. आपल्या हॉस्टेलचा कॉरिडॉर आणि वर एक बाल्कनी. कागदावर दीड हजार मीटर आहेत, जमिनीवर जागा नाही.

आता असे शेजारचे तीन प्लॉट एकत्र करू. रुंदी ४५, खोली ४०, क्षेत्रफळ १,८०० चौ.मी. गुणिले २.५ म्हणजे ४,५०० चौ.मी. २२ मीटरात सहा मजले नीट बसतात (खोलीची उंची किमान २.७ मीटर, वर स्लॅबची जाडी, गच्चीवरची लिफ्टची खोलीसुद्धा उंचीत धरतात, म्हणून सातवा घुसवणं अवघड). ४,५०० भागिले ६ म्हणजे एका मजल्यावर ७५० चौ.मी. दोन्ही बाजूंना ६ - ६ सोडून रुंदी ३३ मीटर राहिली, तर इमारतीची खोली सुमारे २३ मीटर. मागे-पुढे मिळून १७ मीटर मोकळे. झाडाला माती मिळते, खिडकीला ऊन मिळतं. (जिने, लिफ्ट, बाहेरच्या भिंती आणि तळघरातलं पार्किंग त्यांच्या चटईत मोजत नाहीत, त्यामुळे खरी इमारत याहून थोडी जाड होते, आणि वरच्या दोन मजल्यांना आणखी आत घ्यावं लागतं. पण हिशोबाची दिशा हीच.) एका घराला सरासरी ९० मीटर धरले तर तीन बंगल्यांच्या जागी ५० घरं!

मग अडलं कुठे? तीन मालकांपाशी. तिघांनीही विकायला हवं. मधला आजोबा ‘नाही’ म्हणाला की दोन्ही बाजूंचे प्लॉट एकटे पडले. जुन्या फ्लॅट्सच्या बाबतीत तिथे २०१६ पासून ७५ टक्के मालक तयार असतील तर पूर्ण इमारत विकायची कायदेशीर वाट आहे. आपल्याकडे सोसायटी रीडेव्हलपमेंटला २०१९ च्या शासन निर्णयाने ५१ टक्क्यांची संमती पुरेशी केली. वेगवेगळ्या बंगल्यांना मात्र असं बहुमत लावता येत नाही आणि माझ्या मते लावूही नये. त्याची किंमत म्हणजे नियम बदलला तरी रस्ता बदलायला वीस वर्षं लागतात. जे लोक ‘एका रात्रीत आमचं उपनगर संपलं’ म्हणतात आणि जे ‘आता घरं स्वस्त होतील’ म्हणतात, त्या दोघांनीही हा गुणाकार-भागाकार केलेला नसतो.

स्वस्तावरून आठवलं. याच नियमात २,००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला २ टक्के जागा परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी कायमची ठेवायची अट होती. आपल्या ४,५०० चे २ टक्के किती? ९० चौ.मी. म्हणजे बरोब्बर एक घर. पन्नासात एक! नर्स, बस ड्रायव्हर, शाळेची टीचर, सफाई कामगार या सगळ्यांत मिळून एक. दुसरी एक योजना डिसेंबर २०२३ मध्ये आली होती. त्यात १५ टक्के घरं परवडणाऱ्या भाड्याने दिली तर एफएसआय आणि उंची ३० टक्के वाढवून मिळते. आकडा मोठा दिसतो, पण ती बांधिलकी किमान १५ वर्षांची. कायमचं एक घर बरं की पंधरा वर्षांपुरती सात-आठ? मला वाटतं दोन टक्के फारच लाजरा आकडा आहे. एका घराच्या जागी पाच कायमची मागितली असती तर बिल्डर पळून गेला असता का, हा हिशोब जमिनीच्या भावावर अवलंबून आहे, आणि नियम जाहीर होताच भाव चढतो. म्हणून ही अट एफएसआय वाढवतानाच घालायला हवी. नंतर घातली की मालकाने वाढीव भाव आधीच घेतलेला असतो.

विरोधही झाला. सिडनीच्या उत्तरेला कु-रिंग-गाय नावाची कौन्सिल आहे. तिची गॉर्डन, किलारा, लिंडफील्ड आणि रोझव्हिल ही चार स्टेशनं पहिल्याच फेरीत आली. तिथे जुने हेरिटेज बंगले आणि उंच झाडं. कौन्सिल २०२४ मध्ये सरकारविरुद्ध कोर्टात गेली. पुढे मध्यस्थी झाली आणि कौन्सिलने स्वतःचा पर्यायी आराखडा बनवला. त्यात हेरिटेज गल्ल्या बऱ्याचशा वाचवल्या, पण तेवढीच घरं दुसरीकडे भरून द्यायची होती, त्यामुळे स्टेशनजवळच्या दुकानांच्या भागात सहा मजल्यांपेक्षा कितीतरी उंच टॉवर आले. हे मला प्रामाणिक वाटतं. आमच्याकडे नको म्हणताना मग कुठे, हेही त्यांना सांगावं लागलं.

२८ फेब्रुवारी २०२५ पासून दुसरा, रुंद पट्टा आला. १७१ स्टेशनं आणि बाजारकेंद्रांपासून ८०० मीटरपर्यंत मधल्या आकाराची घरं. यात अंतर चालत मोजायचं आहे. कंपासने ८०० चं वर्तुळ काढलं तर २०१ हेक्टर येतात, पण मध्ये रेल्वे लाईन आणि हायवे असला आणि ओलांडायला एकच पूल असला, तर वर्तुळाचा मोठा तुकडा गळून पडतो. नियमात न लिहिलेला एफएसआय म्हणजे तो पादचारी पूल.

आपल्याकडे पुणे मेट्रोच्या स्टेशनांभोवती ५०० मीटरचा झोन ठेवलाय आणि एफएसआय जास्तीत जास्त ४. पण तो चारचा आकडा सगळ्यांना नाही. समोरचा रस्ता जितका रुंद आणि प्लॉट जितका मोठा, तितका एफएसआय वाढत जातो. पेठांमधल्या आणि कर्वे रस्त्यामागच्या गल्ल्यांचा विचार करा. स्टेशनच्या सगळ्यात जवळचं घर नऊ मीटर रस्त्यावर असेल तर त्याला चार मिळत नाही. आपल्या सर्व्हेच्या जर्नलमध्ये टेप आणि साखळी घेऊन हॉस्टेलभोवती आपण गोल गोल फिरतोच. पुढच्या वर्षीच्या बॅचने एखाद्या मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटर खरोखर चालून, प्रत्येक गल्लीची रुंदी आणि प्लॉटची रुंदी मोजून नकाशा काढला, तर चार एफएसआय नक्की किती घरांच्या वाट्याला येतो ते दिसेल. सरांना विचारलं, त्यांची हरकत नाही. फक्त टेप ३० मीटरची घ्या, १५ ची ट्राफिकमध्ये दोनदा लावावी लागते.