चोणकासाठी क्रँकबेट: सुरुवात कशी करायची?



हल्ली आपल्या होडीवाल्यांना पाहुण्यांकडून एकच प्रश्न येतो, "क्रँकबेटने चोणक मिळेल का?" मिळतो. पण त्या खोट्या माशाची कला आपल्याला माहीत नसेल तर दिवस फुकट जातो आणि पाहुणा परत येत नाही. जाळ्यावर आणि गरवण्यावर वाढलेल्या आपल्या पोरांना हे शिकायला वेळ लागत नाही. म्हणून आज पहिला धडा.

हे आहे काय?
लाकडाचा किंवा प्लास्टिकचा छोटा मासा. पोटाला आणि शेपटीला तीन तोंडांच्या गऱ्या आणि पुढे एक चपटी जीभ. रीळ फिरवलं की पाणी जिभेवर आपटतं, मासा खाली डुबकी मारतो आणि डावी-उजवीकडे हलत पोहतो. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी हे फार वापरतात. आपल्या चोणकालाही (रायगडकडे जिताडा) इंग्रजीत 'सी बास' म्हणतात. दोघांचं कूळ वेगळं, पण सवय एकच: आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोरून जाणाऱ्यावर झडप घालायची.

अशा माशांत सगळ्यात नावाजलेला फिनलंडच्या लौरी रापाला यांचा. ते आपल्यासारखेच पोटासाठी मासेमारी करणारे. कळपातला जखमी, वाकडा पोहणारा मासाच मोठा मासा आधी धरतो हे त्यांनी होडीतून पाहिलं आणि १९३६ साली बुचाच्या लाकडातून तसा मासा कोरला. आपण विकायचं आहे ते हेच: जखमी शेवट्याची चाल.

जीभ बघून घ्या
जीभ लांब तर मासा खोल जातो, आखूड तर वरवर चालतो. किती खोल जातो ते बहुतेक वेळा डब्यावर लिहिलेलं असतं. सुरुवातीला दोनच घ्या: एक साधारण १ मीटर जाणारा, दुसरा २ ते ३ मीटर जाणारा, दोन्ही ८ ते १० सें.मी. लांबीचे आणि तरंगणारे. तरंगणारा का? मुळात अडकला असं वाटलं की ओढायचं थांबायचं, तो आपोआप वर येऊन सुटतो. पाणी स्वच्छ असेल तर चंदेरी रंग, गढूळ असेल तर भडक किंवा आत मणी वाजणारा.

सामान
साडेसहा-सात फुटांची, टोकाला लवचिक दांडी. फार ताठ दांडीने झटका दिला तर गरी तोंडातून फाटून निघते. ३० पौंडांची विणलेली दोरी आणि पुढे दोन-तीन फूट ५० पौंडांचं जाड तंगूस. तंगूस विसरू नका, चोणकाच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते. एक गोष्ट लक्षात ठेवा, दोरी जितकी जाड तितका मासा कमी खोल जातो.

कुठे, कधी?
सुकती लागली की खारफुटीतलं पाणी ओहळातून नदीत येतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी. चोणक त्या तोंडाशीच उभा असतो. मानशीच्या बाहेरही तसंच. पण मानशीची मासळी लिलावात घेतलेली असते, ज्याने घेतली त्याला विचारल्याशिवाय तिथे टाकू नका. कोणाचं जाळं लागलेलं असेल तिथेही नको. गरी जाळ्यात गेली की जाळं फाटतं आणि आपसातच भांडण होतं.

ओढायचं कसं?
१. ओहळाच्या तोंडापलीकडे टाका, म्हणजे मासा खोल जाऊन मग जागेवर येईल.
२. सावकाश, एकसारखं रीळ फिरवा. दांडीच्या टोकाला थरथर लागली पाहिजे.
३. तळाला किंवा मुळाला टेकला की थांबा. एक-दोन मोजा, पुन्हा फिरवा. बहुतेक चावा याच थांबण्यात येतो.
४. पाणी २ मीटर असेल तर २ मीटरपेक्षा थोडा जास्त जाणारा मासा लावा. तळाला ठोकर बसली तरच काम होतं.
५. टाकणं जमत नसेल तर दोरी २०-२५ मीटर मागे सोडा आणि माणूस चालतो तेवढ्या वेगाने काठाकाठाने होडी वल्हवा.

मासा एका बाजूला पळत असेल तर तोंड आपल्याकडे करून धरा आणि पुढची कडी पक्कडीने उलट्या बाजूला किंचित वाकवा. डावीकडे पळतो तर उजवीकडे. अगदी केसभर.

गरीपासून सांभाळा
गेल्या हंगामात आपल्याच एका होडीवर चोणक आत घेताना उसळला आणि दुसरी गरी पोराच्या तळव्यात गेली. होडीत पक्कड नव्हती. एका हातात जिवंत मासा लटकलेला, अशा स्थितीत धक्क्यापर्यंत यावं लागलं. तेव्हापासून आमचा नियम: लांब पक्कड आणि गरी कापायचं कटर होडीत नसेल तर क्रँकबेट बाहेर काढायचं नाही. मासा हाताने नाही, दांडीच्या जाळीने घ्या. गरी अंगात रुतली तर ओढू नका. खोट्या माशापासून ती कापून वेगळी करा आणि डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

मोठा चोणक सोडा
चोणक आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा चोणक म्हणजे बहुतेक अंड्यांची मादी. पाहुण्याला फोटो काढू द्या, पोटाखाली हात देऊन धरा आणि पाण्यात सोडा. मधल्या आकाराचा घरी न्या. आज एक मोठी मादी तव्यावर गेली तर उद्या आपल्याच पागेरात बारीक मासळी कमी येणार.

आणि शेवटचं: पाहुणे घेण्याआधी परवान्याचं बंदर कप्तान खात्यात विचारून घ्या. प्रत्येकाला लाइफ जॅकेट द्या.

ज्यांना हातात धरून शिकायचंय त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात नाव द्या. चार-पाच जण जमले की सुकतीची वेळ बघून एकत्र जाऊ. दांडी नसली तरी या.