मंडळीने कोणते दान घ्यावे?

शास्त्रपाठ : लूक १९:१-१०, मार्क ७:९-१३, प्रेषितांची कृत्ये ८:९-२४.

दान कसे द्यावे ह्याविषयी आमच्या मंडळ्यांत पुष्कळ उपदेश होतात. दान कसे घ्यावे ह्याविषयी क्वचितच कोणी बोलतो. मंदिराचे पत्रे गळत असतात, पाळकांचा पगार तीन महिने थकलेला असतो, आणि अशा वेळी कोणी रोख रक्कम पुढे केली म्हणजे "हे पैसे कोठून आले?" असे विचारणारा पंच सर्वांस कृतघ्न वाटतो. तरी तो प्रश्न विचारणे हे त्याचे कर्तव्यच होय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दाता ख्रिस्ती नाही एवढ्यावरून दान नाकारावे असे शास्त्र शिकवीत नाही. कफर्णहूम येथील यहूद्यांचे सभास्थान एका रोमी शताधिपतीने बांधून दिले होते. यरुशलेमेच्या मंदिराची पात्रे कोरेश राजाने परत दिली. शेजारच्या हिंदू अथवा मुसलमान गृहस्थाने प्रेमाने घंटा किंवा सतरंजी दिली तर ती आभार मानून घ्यावी. उलट पेत्राने शोमरोनात ज्याचे पैसे झिडकारले तो शिमोन बाप्तिस्मा घेतलेला होता. त्या पैशांनी त्यास जे विकत घ्यावयाचे होते ते विकाऊ नव्हते, एवढीच अडचण. निवडणुकीच्या दिवसांत एखादा उमेदवार मंदिरास कर्णा देऊ करतो, व भिंतीवर आपले नाव आणि रविवारी आपल्याविषयी दोन शब्द एवढेच मागतो. त्याचे दान शिमोनाच्या दानाच्या जवळचे आहे.

ह्याहून अवघड प्रश्न अशा पैशांचा, की जे मिळविताना कोणाचे तरी नुकसान झालेले असते. ह्याचा एक दाखला मंडळीच्या इतिहासातून देतो. स्कॉटलंडात १८४३ साली राष्ट्रीय मंडळीतून निघालेल्या लोकांनी फ्री चर्च स्थापिले. १८४५ साली नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप ह्याच मंडळीचे मिशनरी. सरकारी आश्रय सोडल्यामुळे पाळकांस घरे व मंडळ्यांस मंदिरे उरली नव्हती. म्हणून काही प्रतिनिधी अमेरिकेस गेले व तेथून सुमारे तीन हजार पौंड मिळाले. त्यांतील काही भाग गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडील प्रांतांतून आला होता. १८४६ साली फ्रेडरिक डग्लस हा पळून आलेला गुलाम, जो त्या वेळी कायद्याने अजून दुसऱ्याची मालमत्ता होता, स्कॉटलंडातील गावोगावी सभा घेऊन सांगू लागला की ते पैसे परत पाठवा. ते परत गेले नाहीत. गुलामगिरी वाईट आहे असे मंडळीचे पुढारी म्हणत. पण गुलामांच्या मालकास सहभागितेबाहेर ठेवावे, असे म्हणावयास ते तयार होईनात. हे पुढारी लबाड नव्हते. थॉमस चामर्स ह्यांच्यासारखे गरिबांचे कैवारी त्यांत होते. म्हणूनच हा दाखला आम्हांस भयंकर वाटतो. घेतलेल्या पैशांचे समर्थन करताना सज्जनाचीही जीभ जड होते. आणि ते पैसे ज्यांच्या घामाचे होते, त्यांस तर कोणी विचारलेही नव्हते.

आता आपल्या गावाकडे पाहू. हातभट्टीवाला मंदिराच्या छपरासाठी दहा हजार रुपये देऊ करतो. त्याच मंदिरात पाठीमागे एक बाई बसलेली असते. तिच्या नवऱ्याची मजुरी दर शनिवारी त्या भट्टीवर जाते. ते पत्रे डोक्यावर घेऊन उपदेशकाने तिच्यापुढे काय वाचावे? मजुरांची मजुरी अडवून ठेवणारा बागाईतदार, कर्जापायी दुसऱ्याचे शेत गिळणारा सावकार, ह्यांचीही गोष्ट तीच. जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले, ते ज्यांचे घेतले होते त्यांस. मंदिराच्या भांडारास नव्हे. तेव्हा अशा दात्यास पंचांनी सांगावे की, आधी त्यांचे द्या. मग आपण बोलू.

जमिनीच्या दानात फसगत अधिक होते. सातबारा पाहावा, भाऊबहिणींचा हिस्सा पाहावा. जमीन महार वतनाची असेल तर कलेक्टरांच्या पूर्वपरवानगीवाचून ती देता येत नाही; वतने नष्ट करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने ही अट घातली आहे. बक्षीसपत्र नोंदविलेले असावे.

मरतेवेळी दिलेल्या दानाविषयी विशेष सांगावेसे वाटते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ११८ व्या कलमान्वये, जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती मनुष्यास मरणापूर्वीच्या बारा महिन्यांत केलेल्या मृत्युपत्राने धर्मकार्यास मिळकत देता येत नसे. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरविले. न्याय झाला खरा. पण विधवेचे व लेकरांचे रक्षण करणारे ते कुंपण गेले, आणि आता ते काम पंचांच्या विवेकावर आले आहे. आईबापांच्या हक्काचे "कुर्बान" म्हणून देवास वाहणाऱ्यांस प्रभूने काय म्हटले, हे मार्काच्या सातव्या अध्यायात पाहावे. घरच्यांस उपाशी ठेवून आलेली जमीन मंडळीने परत करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निर्णय एकट्या पाळकावर टाकू नये. त्याचा पगार बहुधा त्याच पैशांतून निघावयाचा असतो. सर्व पंचांनी बसून ठरवावे व कारण वहीत लिहावे. नकार द्यावयाचा असल्यास दोघांनी दात्याच्या घरी जाऊन सौम्यपणे द्यावा. उपासनेत त्याचे नाव काढू नये. संशय असेल तोवर रक्कम खर्चू नये. सुमारे १४४ साली रोम येथील मंडळीने मार्किओनाची शिकवण अमान्य केली, तेव्हा त्याने पूर्वी आणलेली दोन लाख नाणी त्याच्याबरोबरच परत गेली, असे तर्तुल्यन लिहितो. खर्चून टाकलेले पैसे परत करणे आमच्या मंडळ्यांस कोठून जमणार?

ही सारी चौकशी मोठ्या दानासाठी आहे. सुगीची पायली, मुलाने मुठीत आणलेला रुपया, म्हातारीची चार अंडी ह्यांस ती लावू नये. पंच दारात उभे राहून अंडी कोणाच्या कोंबडीची असे विचारू लागले, तर म्हातारी पुढच्या रविवारी येणार नाही.