घाणा बंद, पुस्तक उघडं

प्रश्न : आमच्या शेजारी पूर्वी एक बेने इस्रायल कुटुंब राहायचं. त्या घरातले आजोबा दर शनिवारी सकाळी पांढराशुभ्र सदरा घालून मशिदीत जायचे. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, ते मशीदच म्हणत. कुठे निघालात विचारलं की सांगायचे, ‘या आठवड्याचा धडा आहे.’ सत्तरी उलटलेल्या माणसाला धडा कसला? शनिवारी तिथे प्रार्थना होते की शाळा भरते?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : दोन्ही, आणि तेही एकाच बैठकीत. ज्यू धर्मात पोथी वाचणं, ती समजून घेणं, तिच्यावर प्रश्न विचारणं हीच उपासना मानली जाते. तुमच्या शेजारच्या आजोबांनी अगदी नेमकं उत्तर दिलं होतं.

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो शुक्रवारी सूर्यास्ताला आणि संपतो शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसल्यावर. शुक्रवारच्या दिवेलागणीला घरची बाई दिवे लावते, सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या स्वागताची गाणी होतात, मग किद्दुश म्हणजे द्राक्षरसावर म्हणायचा आशीर्वाद. कोकणात द्राक्षाची दारू कुठून मिळणार? म्हणून बेने इस्रायलांनी, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंनी, काळ्या मनुका भिजवून त्यांचं शरबत करण्याची रीत पाडली आणि ती अजून चालू आहे. शनिवारी सकाळची प्रार्थना मात्र लांब असते, आणि तिच्या मध्यभागी तोराचं वाचन असतं. आजोबांचा ‘धडा’ तो हाच.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. तिचे 54 भाग पाडलेले आहेत. दर आठवड्याला एक, कधी दोन एकत्र, असं करत वर्षभरात सगळं वाचून संपतं, आणि संपलं त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतं. पॅरिस, कोची, ठाणे, न्यूयॉर्क, कुठल्याही सिनेगॉगमध्ये त्या शनिवारी बहुधा तोच भाग वाचला जात असतो. सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही याच भागाचा सुरुवातीचा तुकडा वाचतात. तोरा न ऐकता सलग तीन दिवस जाऊ नयेत, असा त्यामागे विचार आहे.

आता हे वाचन कसं चालतं ते जरा जवळून पाहा. जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीतलं कपाट, ज्याला हेखाल म्हणतात, ते उघडतात. सगळे उभे राहतात. आतून सेफेर तोरा बाहेर येतो : चामड्याच्या पानांना पानं शिवून केलेली, टाकाने हाताने लिहिलेली लांबलचक गुंडाळी. तीत 3,04,805 अक्षरं असतात. एखादं अक्षर पुसट झालं किंवा तुटलं, तर दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. वाचणारा चामड्याला बोट लावत नाही, टोकाला छोटा हात कोरलेली चांदीची काडी ओळीवरून फिरवत वाचतो. आणि खरी गंमत पुढे आहे. या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हं नसतात, कुठल्या शब्दाला कोणता सूर लावायचा त्याची खूणही नसते. नुसती व्यंजनं. म्हणजे वाचणाऱ्याने तो भाग आठवडाभर छापील पुस्तकावरून घोकून तयार करून यावा लागतो. तो वाचत असताना शेजारी उभा असलेला माणूस छापील पुस्तकात बोट ठेवून ऐकत असतो. अर्थ बदलेल अशी चूक झाली की तिथल्या तिथे मोठ्याने दुरुस्ती होते, आणि वाचणारा मागे जाऊन तो शब्द पुन्हा म्हणतो. वाचणारा वयाने, मानाने कितीही मोठा असो. कुणी रागावत नाही, कुणी ओशाळत नाही. शनिवारच्या वाचनात सात जणांना एकेक करून वर बोलावतात, त्यामुळे ही पोथी एकट्या धर्मगुरूच्या हातात राहत नाही.

यामागची परंपरा जुनी आहे. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात एज्रा जेरुसलेमच्या वेशीपुढच्या चौकात पुरुष, बायका आणि ‘ज्यांना समजत होतं ते सगळे’ यांच्यापुढे तोरा वाचतो, आणि लेवी लोक तिचा अर्थ समजावून सांगतात, असा प्रसंग आहे. पुढे लोकांची बोली अरामी झाली तेव्हा वाचणाऱ्याच्या शेजारी उभा राहून एकेक ओळ अरामीत सांगणारा दुभाषा असे. येमेनी ज्यूंनी ही प्रथा आजवर टिकवली आहे. तालमूदने, म्हणजे धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथाने, तर प्रत्येकाला घरचा अभ्यासच लावून दिला : आठवड्याचा भाग शब्बाथच्या आधी दोनदा मुळातून आणि एकदा भाषांतरातून वाचावा. यात वयाची अट नाही आणि सुट्टीही नाही.

‘म्हणजे आपलं पारायणच की,’ असं तुमच्या मनात येईल. नेमाने ठरलेला भाग वाचायचा आणि समाप्तीनंतर पुन्हा आरंभ करायचा, इथवर साम्य आहे. फरक पडतो तो थांबण्यात. ज्यू अभ्यासात दोघंदोघं समोरासमोर बसतात, एक ओळ वाचतात आणि तिच्यावर वाद घालतात. तालमूदमध्ये ज्याचं मत मान्य झालं नाही त्याचंही मत त्याच्या नावानिशी जपून ठेवलेलं आहे. प्रश्न विचारणाऱ्याला तिथे अश्रद्ध समजत नाहीत. शिवाय शब्बाथला लिहायला मनाई, त्यामुळे शनिवारी दुपारच्या अभ्यासाला वही नाही की पेन नाही. ऐकायचं, बोलायचं आणि डोक्यात ठेवायचं. मला स्वतःला ही अडचण फार मोलाची वाटते. टिपून घेण्याची सोय नसली की माणूस समोरच्याचं खरंच ऐकतो.

आता तुमच्या शेजाऱ्यांच्या पूर्वजांकडे येतो, कारण मोठेपणी शिकणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला क्वचितच ठाऊक असेल.

कोकणात रायगडच्या गावांमधून राहणारे, तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. मुलांची सुंता आठव्या दिवशी होई, खाण्यापिण्याचे नियम पाळले जात, आणि देव एकच आहे असं सांगणारी ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना पाठ होती. बाकी काहीच हाताशी नव्हतं. तोरा नाही, प्रार्थनेचं पुस्तक नाही, हिब्रू वाचता येणारा माणूस नाही. 1738 साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रात या लोकांचा उल्लेख येतो, आणि त्यातही हेच आहे की त्यांच्याकडे बायबल नाही, त्यांना फक्त शेमा येते. शब्बाथला वर्ज्य कामांचे 39 प्रकार ज्यू धर्मशास्त्राने मोजून ठेवले आहेत. दाबून रस किंवा तेल काढणं त्यात मळणीच्या कलमाखाली येतं. आमच्या तेल्यांनी हे कलम कधी वाचलेलं नव्हतं. बापाने बंद ठेवला म्हणून मुलगा शनिवारी घाणा बंद ठेवत होता, आणि पुस्तकावाचून शतकानुशतकं ते बरोबरच पाळत होता.

पुस्तक आलं ते उशिरा, आणि सगळा समाजच्या समाज मोठ्या वयात विद्यार्थी झाला. समाजाची आठवण सांगते की दावीद रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला. त्याला हे लोक ज्यू असल्याचा संशय आला, म्हणून त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे वेगळे काढले आणि ‘बाकीचे आम्ही खात नाही’ म्हणून सांगितलं. मग त्याने तीन घराण्यांतल्या माणसांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवून तयार केलं. त्यांना काजी म्हणत. हा रहाबी नेमका कधीचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण कोचीच्या ज्यूंनी बेने इस्रायलांना शिकवलं हे पक्कं आहे.

1796 मध्ये मुंबईत मांडवी भागात त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. बांधणारा सॅम्युअल इझिकेल दिवेकर, कंपनी सरकारच्या फौजेतला अंमलदार. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्याने ते बांधलं, असं सांगतात. ते आजही आहे, रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट म्हणतात, आणि जवळच्या मशीद स्टेशनचं नाव याच ‘मशिदी’वरून पडलं असं मानतात. प्रार्थनेची जागा झाली. तिथे म्हणायचं काय, ते शिकणं अजून बाकी होतं.

इथे मराठी कामी आली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनऱ्यांच्या मराठी शाळांत बेने इस्रायल शिकले आणि पुढे तिथे शिक्षकही झाले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. पण बाटले फारच थोडे. बाकीच्यांनी व्याकरण घेतलं, मराठी बायबलातला ज्यूंचा जुना करार घेतला आणि दोन्ही घेऊन ते सिनेगॉगमध्ये परतले. 1846 मध्ये वल्हांडण (पासओव्हर) सणाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत निघाली. 1874 च्या पुणे आवृत्तीतल्या चित्रात बायका मराठी पद्धतीचं लुगडं नेसून बिनखमिराची भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी (1834–1905) हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. त्यांच्याच पिढीतले हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली आणि पुढे समाजाचा इतिहास लिहिला. तो छापला गेला 1937 मध्ये, ते वारल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी.

मुलांसाठी शाळा झाली. पण दिवसभर राबणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या मोठ्या माणसांचं काय? त्यांच्यासाठी 1880 च्या सुमारास बेने इस्रायलांनी कीर्तन उचललं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी साकी-दिंडीत रचून ते सादर करू लागले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातलं मोठं नाव. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. प्राचीन काळी जे काम अरामी दुभाष्याने केलं, ते इथे कीर्तनकाराने केलं, आणि शेजारच्या आळीतल्या कुणालाही बसून ऐकता येईल अशा चालीत केलं.

1920 मध्ये जर्मनीत फ्रांत्स रोझेनत्स्वाइग या तत्त्वज्ञाने फ्रांकफुर्टला प्रौढ ज्यूंसाठी एक मुक्त शिक्षणगृह सुरू केलं. धर्मापासून दुरावलेल्या शिकल्यासवरल्या माणसांनी बाहेरून आत येत शिकावं, अशी त्याची कल्पना होती. प्रौढ ज्यू शिक्षणाच्या इतिहासात तिचा नेहमी आदराने उल्लेख होतो, आणि तो रास्तच आहे. पण मुंबई-रायगडच्या गवंडी, सुतार, शिपाई, कारकुनांनी हेच काम त्याच्या कितीतरी वर्षं आधी हाती घेतलं होतं. त्यांचाही उल्लेख तितक्याच आदराने व्हायला हवा.

प्रश्न : बायकांना यात जागा आहे का?

उत्तर : परंपरेने चालणाऱ्या सिनेगॉगमध्ये बायका वरच्या सज्जात किंवा वेगळ्या बाजूला बसतात, आणि सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत फक्त प्रौढ पुरुष मोजतात. सुधारक पंथांनी हे बदललं. मुंबईत हा बदल आणण्यात पुढे होत्या डॉ. जेरुशा झिराड, कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या, 1966 मध्ये पद्मश्री मिळालेल्या. लंडनला वैद्यकी शिकताना त्यांनी तिथल्या उदारमतवादी ज्यूंचं काम पाहिलं होतं, आणि 1925 मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन मुंबईत सुरू झाली ती त्यांच्या पुढाकाराने. कोकणातल्या लहान गावांत आज दहा पुरुष जमणंही कठीण होतं, कारण बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आहेत. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं येतात तेव्हा अलिबाग, रेवदंड्याची सिनेगॉग पुन्हा भरतात. मराठी भक्तिगीतं मात्र बायकांच्या मंडळांनी इथे आणि इस्रायलमध्येही गात ठेवली आहेत.

प्रश्न : आमच्यासारख्या परधर्मीयांना शनिवारी जाऊन बसता येईल का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी येईल, पण आधी विचारून जा. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर बंदोबस्त आहे, आणि ओळखपत्र मागितलं तर मनाला लावून घेऊ नका. पुरुषांनी डोकं झाकावं. टोपी नसेल तर दारापाशी मिळते. फोन बंद ठेवा, फोटो काढू नका, वही-पेन बाहेर काढू नका. तोरा बाहेर आणला की सगळ्यांबरोबर उभे राहा. सिनेगॉगच्या पुढाऱ्याला आणि प्रार्थना चालवणाऱ्या हजानला नंतर भेटून काय वाचलं ते विचारलंत तर ते आनंदाने सांगतील. वाचन हिब्रूत असतं, त्यामुळे त्या आठवड्याचा भाग कोणता ते आधी विचारून ठेवा आणि मराठी बायबलमध्ये तो वाचून जा. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या सणांनंतर गेलात तर उत्पत्तीच्या पुस्तकापासून सुरुवात मिळेल, आणि त्या पहिल्या काही शनिवारांच्या गोष्टी, नोहाचा पूर आणि अब्राहामाचा प्रवास, तुम्हाला बहुधा आधीच ठाऊक असतील.