डोंगराच्या पोटातील तेरा जीव

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत नेरे हे गाव लागते. या गावाजवळून गाढी नदी वाहते. उन्हाळ्यात तिचे पात्र रोडावते. परंतु ज्येष्ठ सरून आषाढ लागला, डोंगरमाथ्यावर ढग उतरले, की हीच नदी गढूळ पाण्याने दुथडी भरून धावू लागते. सकाळी उड्या मारीत ओलांडलेला ओढा दुपारी छातीएवढा होतो, हे तिकडच्या मुलांना सांगावे लागत नाही. बाहेरून सहलीस येणाऱ्यांना मात्र ते ठाऊक नसते. याच पनवेल तालुक्यात खारघरच्या डोंगरावर १८ जुलै २०२१ रोजी पावसाची मौज पाहण्यास गेलेली मंडळी ओढ्यास अकस्मात पाणी आल्यामुळे पलीकडे अडकून पडली. अग्निशामक दलाच्या जवानांनी ११६ जणांना सुखरूप परत आणले. त्यांत ७८ स्त्रिया व ५ मुले होती.

खारघरच्या त्या माणसांच्या डोक्यावर निदान आकाश तरी होते. त्यांना हाका मारता येत होत्या आणि त्या ऐकूही जात होत्या. परंतु पाण्याने अडवलेली वाट डोंगराच्या पोटात असेल, वर शेकडो हात खडक आणि भोवती मिट्ट काळोख असेल, तर काय करावयाचे? थायलंड देशातील तेरा जणांवर २०१८ साली असाच प्रसंग ओढवला. जो नैर्ऋत्य मोसमी वारा कोकणात पाऊस आणतो, तोच त्या देशातही पाऊस पाडतो. तेथेही पावसाळ्यात भाताची लावणी होते. मात्र तेथील डोंगर वेगळे आहेत.

सह्याद्रीचा खडक हा काळा, कठीण पाषाण. त्यावर पडलेले पाणी बहुतांशी धबधब्यांच्या रूपाने खाली येते. कर्जतजवळची कोंडाणे लेणी किंवा घारापुरीची लेणी ही माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत. पावसाळ्यात कोंडाण्याच्या लेण्यांवरून पाण्याची धार कोसळत असते, पण आत उभा असलेला मनुष्य बुडत नाही. चुनखडीच्या डोंगराची गोष्ट निराळी. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते आणि किंचित आम्ल बनते. असे पाणी चुनखडीच्या भेगांतून झिरपत हजारो वर्षे तिला विरघळवीत राहिले म्हणजे डोंगराच्या आत लांबच लांब पोकळ्या तयार होतात. पाण्यानेच घडविलेल्या या वाटा पावसाळ्यात पुन्हा पाण्याच्याच होतात. भारतात मेघालयामध्ये अशा पुष्कळ गुहा आहेत. थायलंडच्या उत्तरेस, म्यानमारच्या सीमेवर, चिआंग राय प्रांतात असलेली थाम लुआंग ही गुहा याच जातीची असून सुमारे १० किलोमीटर लांब आहे. ज्या डोंगरात ती आहे त्याची आकृती निजलेल्या स्त्रीसारखी दिसते, म्हणून तेथील लोक त्याला ‘निजलेली स्त्री’ असेच म्हणतात.

२३ जून २०१८, शनिवार. फुटबॉलचा सराव आटोपून बारा मुले व त्यांचे पंचवीस वर्षांचे साहाय्यक प्रशिक्षक एकापोल सायकलींवरून गुहेकडे गेले. मुलांची वये अकरा ते सोळा वर्षांची होती. त्यांच्या संघाचे नाव होते ‘रानडुकरे’. तासाभरात गुहा पाहून परत फिरावयाचे, एवढाच बेत होता. म्हणून त्यांनी जवळ खाण्यास काही घेतले नव्हते. परत येताना पाहतात तो वाटेत पाणी! आत शिरताना जी वाट कोरडी होती ती आता छतापर्यंत भरली होती. प्रशिक्षकांनी दोराच्या आधाराने बुडी मारून पलीकडे जाता येते का ते पाहिले. वाट सापडली नाही. पाणी चढत होते. शेवटी सर्व जण आणखी आत सरकले आणि एका उंचवट्यावर जाऊन बसले. तेथून गुहेचे तोंड सुमारे ४ किलोमीटर दूर होते.

संध्याकाळी मुले घरी परतली नाहीत. शोध सुरू झाला, तेव्हा गुहेच्या तोंडाशी त्यांच्या सायकली सापडल्या. मुले कोठे आहेत हे कळले. जिवंत आहेत की नाहीत हे मात्र कोणालाच सांगता येईना.

आत काळोखात दिवस आणि रात्र एकच झाली होती. एकापोल यांनी पूर्वी बौद्ध मठात राहून ध्यानाचा अभ्यास केलेला होता. त्यांनी मुलांना शांत बसून श्वासाकडे लक्ष देण्यास शिकविले. रडण्याओरडण्याने अंगातील शक्ती व गुहेतील हवा दोन्ही लवकर संपतात. स्वस्थ बसणाऱ्यास दोन्ही अधिक काळ पुरतात. पाण्याची चणचण नव्हती. परंतु पायाशी असलेले पुराचे गढूळ पाणी न पिता छतावरून ठिबकणारे स्वच्छ पाणी प्यावे, असे त्यांनी ठरविले. मधूनमधून मुले दगडांनी गुहेची भिंत खणून वाट काढण्याचा प्रयत्न करीत. वाट निघण्यासारखी नव्हतीच. पण हातांना काम मिळाले म्हणजे मन खचत नाही.

बाहेर थायलंडच्या नौदलाचे पाणबुडे आले. समुद्रात वावरणारे हे धाडसी जवान. पण गुहेतील पाण्यात डोळ्यांपुढे धरलेला हात दिसत नव्हता, प्रवाह मागे लोटीत होता, आणि धाप लागली तर वर येऊन श्वास घ्यावा म्हणावे तर वर खडक! गुहेत बुडी मारणे ही एक स्वतंत्रच विद्या आहे. ती जाणणारी माणसे जगात थोडी. त्यांपैकी रिक स्टॅन्टन व जॉन व्होलान्थन हे दोन ब्रिटिश पाणबुडे तेथे येऊन दाखल झाले. त्यांचा हा व्यवसाय नव्हे. स्टॅन्टन अग्निशामक दलातून निवृत्त झालेले, तर व्होलान्थन संगणकाच्या क्षेत्रात काम करणारे. सुटीच्या दिवसांत केवळ आवडीने जोपासलेली ही विद्या होती. २ जुलै रोजी रात्री दोर सोडीत सोडीत पुढे जात असता त्यांनी पाण्यावर डोके काढले आणि दिव्याच्या प्रकाशात त्यांना उंचवट्यावर माणसे दिसली. तुम्ही किती जण आहात, असे विचारताच इंग्रजी जाणणाऱ्या एका मुलाने उत्तर दिले, “तेरा.” म्हणजे एकही दगावला नव्हता! ही वार्ता पसरताच गुहेबाहेर दहा दिवस डोळ्यांत तेल घालून बसलेल्या आईबापांना कोण आनंद झाला!

परंतु सापडणे निराळे आणि सुटणे निराळे. खरे संकट आता कोठे दिसू लागले. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे काही महिने, मुलांना आतच ठेवून अन्न पुरवावे, असे काहींनी सुचविले. पण आणखी पाऊस झाला तर तो उंचवटाही बुडेल, ही धास्ती होती. शिवाय हवेतील प्राणवायू, जो एरवी २१ टक्के असतो, तो १५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. डोंगराला वरून भोक पाडावे, तर एवढ्या जाड खडकात नेमक्या त्याच जागी पोहोचणे कठीण. उरला तो पाण्यातला मार्ग. त्यासाठी आधी पाणी कमी करावयास हवे होते.

पाणी उपसण्याचे हे काम पहिल्यापासून अहोरात्र चालले होते. याच कामी महाराष्ट्राचाही हात लागला. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी हे गाव लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर वसविले. तेथील कारखान्यात तयार होणारे पंप देशोदेशी जातात. बँकॉक येथील भारतीय वकिलातीने किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीचे नाव थायलंडच्या सरकारास सुचविले आणि ५ जुलैपासून कंपनीचे तंत्रज्ञ गुहेपाशी उभे राहून पाणी उपसण्याविषयी सल्ला देऊ लागले. गरज पडल्यास विमानाने धाडण्यासाठी चार मोठे पंप किर्लोस्करवाडीत सज्ज ठेवण्यात आले होते.

मात्र पंप म्हणजे काही जादू नव्हे. जेवढे पाणी बाहेर काढावे तेवढेच आत येत राहिले, तर उपसणाऱ्याचे श्रम वाया जातात. त्याच वर्षी १३ डिसेंबरला मेघालयातील कसान येथे कोळशाच्या खाणीत पाणी शिरून १५ मजूर अडकले. तेथेही मोठमोठे पंप नेण्यात आले, किर्लोस्करांची माणसेही गेली. पण खाणीतील पाणी हटेना, आणि त्या मजुरांपैकी एकही जिवंत बाहेर आला नाही. थाम लुआंगच्या लोकांनी ही अडचण ओळखली होती. म्हणून काही मंडळी डोंगरावर चढली. गुहेत पाणी नेणारे ओढे त्यांनी शोधून काढले, बांध घातले, बांबूच्या व इतर नळांनी पाणी दुसरीकडे वळविले. वर ओढे वळविणारे आणि खाली पंप चालविणारे, दोघांच्या श्रमांमुळे पाणी हळूहळू उतरले. ८ जुलैपर्यंत तोंडापासून तिसऱ्या दालनापर्यंतचा बराचसा भाग चालत जाण्याजोगा झाला.

गुहेतून एकंदर १०० कोटी लिटरांहून अधिक पाणी उपसले गेले. हे पाणी गेले कोठे? ते गेले डोंगराखालच्या भातखाचरांत. नुकतीच लावणी झालेली, घाम गाळून लावलेली रोपे पाण्याखाली गेली. लावणीनंतर खाचर बुडाले म्हणजे घरात काय होते, हे भातशेती करणाऱ्या कोणत्याही गावात विचारावे. सरकारने भरपाई देऊ केली. तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी ती घेण्यास नकार दिला. भात पुन्हा लावता येईल, मुले पुन्हा मिळणार नाहीत, असे ते म्हणत. गुहेपाशी कोणी स्वयंपाक करून हजारो माणसांना जेवू घालीत होते, तर कोणी चिखलाने माखलेले जवानांचे कपडे रातोरात धुऊन सकाळी परत देत होते.

६ जुलै रोजी एक दुःखद घटना घडली. नौदलातून निवृत्त झालेले समन कुनान हे आपण होऊन मदतीस आले होते. वाटेत हवेची नळकांडी ठेवून परत येत असता ते पाण्यातच बेशुद्ध झाले आणि मरण पावले. त्याच सुमारास एकापोल यांनी मुलांच्या आईबापांची क्षमा मागणारे पत्र बाहेर पाठविले. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, असे आईबापांनी त्यांना उलट लिहिले होते.

कसलेल्या जवानालाही ज्या वाटेने प्राण गमवावे लागले, त्या वाटेने मुलांना आणावयाचे कसे? पोहता येणे आणि काळोख्या पाण्यात तोंडाला नळी लावून तासन् तास जाणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एखादा मुलगा घाबरून धडपडला असता तर तो व त्याला आणणारा, दोघेही बुडाले असते. म्हणून ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ डॉक्टर रिचर्ड हॅरिस यांनी मुलांना भूल देऊन, बेशुद्ध स्थितीत आणावे असे ठरले. हॅरिस हे स्वतः गुहेत बुडी मारण्यात निष्णात होते. तरीही या उपायास यश येईल अशी त्यांना खात्री वाटत नव्हती. परंतु दुसरा उपाय उरला नव्हता. संपूर्ण चेहरा झाकणारा, आत सतत हवा पुरविणारा मुखवटा मुलाला बांधावयाचा, हात आवळून ठेवावयाचे, आणि एका पाणबुड्याने त्याला ओझ्यासारखे बरोबर न्यावयाचे. भूल उतरू लागली तर वाटेतच त्या पाणबुड्याने आणखी औषध टोचावयाचे, असे त्याला शिकविण्यात आले.

आधी कोणी बाहेर जावे? गुहेबाहेर हजारो माणसे जमली आहेत, याची आत कल्पना नव्हती. सुटका झाली की सायकलीवरून घरी जावयाचे, असेच मुले समजत होती; म्हणून ज्यांची घरे सर्वांत लांब, त्यांनी आधी निघावे, असे त्यांनी आपसांत ठरविले!

८ जुलै रोजी चार मुले बाहेर आली. ९ जुलै रोजी आणखी चार. १० जुलै रोजी उरलेली चार आणि प्रशिक्षक. त्यांच्या सोबतीस राहिलेले एक डॉक्टर व नौदलाचे तीन जवान सर्वांत शेवटी निघाले. ते बाहेर येत असतानाच मुख्य पंप बंद पडला आणि पाणी भराभर चढू लागले. तिसऱ्या दालनात असलेल्या लोकांना हाती लागेल ते घेऊन धावत सुटावे लागले. इतके दिवस त्या पंपाने काय रोखून धरले होते, ते तेव्हा दिसले.

१८ जुलै रोजी मुले रुग्णालयातून घरी गेली. समन कुनान यांच्या स्मरणार्थ अकरा मुलांनी काही दिवस मठात राहून बौद्ध श्रामणेराची दीक्षा घेतली; बारावा मुलगा ख्रिस्ती होता. पुढे गुहेजवळ कुनान यांचा पुतळा उभारण्यात आला.

या तेरा जणांपैकी प्रशिक्षक एकापोल व तीन मुले अशा चौघांना कोणत्याच देशाचे नागरिकत्व नव्हते. सीमेवरच्या त्या प्रदेशात अशी पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांना शोधण्यासाठी दहा हजारांहून अधिक माणसे धावली, तेव्हा हे चौघे कोणत्या देशाचे, असे कोणी विचारले नाही. ८ ऑगस्ट २०१८ रोजी थायलंडच्या सरकारने त्यांना आपले नागरिक म्हणून ओळखपत्रे दिली.