फुलांचा रंग आणि बियाण्याची पारख

झेंडूचे पीक घेणारे एक शेतकरी बंधू दसऱ्यानंतर आमच्याकडे आले. आदल्या वर्षी त्यांनी संकरित झेंडूचे बी विकत घेतले होते. सर्व शेत एकसारख्या गडद नारिंगी फुलांनी बहरले व मालास भाव चांगला आला. त्यातील उत्तम फुले राखून त्यांनी घरीच बी धरले व यंदा तेच पेरले. परंतु या वेळी काही झाडांस नारिंगी, काहींस पिवळी, तर काहींस विरळ पाकळ्यांची फुले आली. व्यापाऱ्याने माल मिसळीचा म्हणून भाव पाडला. “खत बदलल्यामुळे असे झाले काय?” असा त्यांचा प्रश्न होता.

खत, पाणी व ऊन यांमुळे रंग थोडा फिका अथवा गडद होऊ शकतो. तथापि एकाच शेतात, एकाच खतावर वाढलेल्या शेजारच्या दोन झाडांस दोन रंग यावेत, याचे कारण बहुधा बियाण्यातच असते. ते समजून घेण्यासाठी फुलास रंग कसा येतो हे प्रथम पाहू.

रंगद्रव्ये

पाकळीच्या पेशींत रंगद्रव्ये तयार होतात. त्यांचे तीन मुख्य वर्ग आहेत. गोकर्ण, गुलाब व जास्वंद यांतील निळा, जांभळा वा लाल रंग अँथोसायनिन या द्रव्याचा असतो. झेंडूचा पिवळा व नारिंगी रंग कॅरोटिनॉइड या वर्गाचा, तर गुलबक्षी व बोगनवेल यांचा रंग बीटालेन या वर्गाचा असतो. गोकर्णाच्या पाकळ्या गरम पाण्यात घातल्यास पाणी निळे होते व लिंबू पिळताच ते जांभळे होते. झेंडूचा रंग मात्र पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो. हे प्रयोग घरी सहज करून पाहता येतील.

रंगद्रव्य एकदम तयार होत नाही. उसाचा रस, मग काकवी व शेवटी गूळ, त्याप्रमाणे ते पायरीपायरीने बनते. प्रत्येक पायरीस एक विशिष्ट विकर लागते आणि ते विकर कसे बनवावयाचे याची आज्ञा ज्यात साठविलेली असते ते जनुक होय. एखादे जनुक बिघडले की ती पायरी अडते आणि पुढील रंग तयार होत नाही.

एक प्रत आईची, एक बापाची

प्रत्येक जनुकाच्या सामान्यतः दोन प्रती असतात. एक मातृझाडाकडून व दुसरी परागाद्वारे पितृझाडाकडून येते. शुद्ध निळ्या व शुद्ध पांढऱ्या गोकर्णाचा संकर केल्यास पहिल्या पिढीतील सर्व झाडांस निळीच फुले येतात, कारण निळ्या रंगाची एक चांगली प्रत पुरेशी असते. परंतु पांढरी प्रत नष्ट झालेली नसते. या झाडांचे स्वपरागणाने बी धरल्यास पुढील पिढीत सरासरीने तीन निळी व एक पांढरे असे प्रमाण पडते. हाच नियम ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली प्रसिद्ध केला होता.

गुलबक्षीत थोडे निराळे घडते. शुद्ध तांबड्या व शुद्ध पांढऱ्या झाडांचा संकर गुलाबी होतो, कारण तेथे एका चांगल्या प्रतीतून पुरेसा रंग तयार होत नाही. या गुलाबी झाडांचे बी पेरल्यास सरासरीने चारांपैकी एक तांबडे, दोन गुलाबी व एक पांढरे झाड मिळते. म्हणून अशा गुलाबी फुलाचे बी कितीही जपून धरले तरी केवळ गुलाबी फुले कधीच मिळणार नाहीत.

पांढरे फूलही फसवू शकते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये बेटसन व पनेट यांनी स्वीट पी या शोभेच्या वेलीच्या दोन पांढऱ्या वाणांचा संकर केला, तेव्हा सर्व फुले जांभळी आली! एका वाणात एक पायरी अडलेली होती, दुसऱ्यात दुसरी. संकरात दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली. पुढील पिढीत मात्र १६ पैकी ९ जांभळी व ७ पांढरी असे प्रमाण पडले.

झेंडूच्या शेतात काय घडले?

संकरित बियाण्याचे प्रत्येक झाड दोन निवडक वाणांची एकेक प्रत घेऊन येते, म्हणून पहिले पीक एकसारखे दिसते. त्याच पिकाचे बी धरताच प्रतींची नव्याने वाटणी होते आणि लपलेले गुण वर येतात. रंग, उंची व पाकळ्यांची दाटी हे गुण निरनिराळ्या जनुकांवर अवलंबून असल्याने मिसळ अधिकच वाढते. शिवाय झेंडूवर मधमाश्यांची वर्दळ असते व शेजारच्या वाणाचे परागही येऊन मिळतात. सारांश, डोळ्यांस दिसणारा रंग व बियाण्यात साठलेला रंग एकच असेल असे नाही.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१. संकरित वाणाचे बी घरी धरू नये, दर हंगामास नवे घ्यावे. पाकिटावर ‘संकरित’ असा उल्लेख आहे किंवा नाही हे पाहून घ्यावे व पावती जपून ठेवावी.

२. घरचे बी धरावयाचे असल्यास ‘पुसा नारंगी गेंदा’ अथवा ‘पुसा बसंती गेंदा’ यांसारखी स्थिर केलेली सुधारित जात निवडावी. बियाण्याचा तुकडा इतर झेंडूपासून शक्य तितका दूर ठेवावा.

३. पहिले फूल उमलताच वेगळ्या रंगाची झाडे उपटून टाकावीत. त्यांचे पराग पसरल्यावर उपटून फारसा उपयोग नाही.

४. गुलाब, शेवंती व बोगनवेल यांची लागवड बियांपासून करू नये. गुलाबाचा डोळा भरावा, शेवंतीच्या काश्या लावाव्यात, बोगनवेलीचे छाट कलम करावे. अशा रोपांत आईचीच जनुके जशीच्या तशी उतरतात.

५. एखाद्या फांदीस अचानक नव्या रंगाचे फूल आले तर ते जनुकातील बदलाचे लक्षण असू शकते. त्या फांदीचेच कलम करून पाहावे, कदाचित नवा वाण हाती येईल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या आवारात तांबड्या व पांढऱ्या गुलबक्षीचा प्रयोग अवश्य करून दाखवावा. कळी उमलण्यापूर्वी तिच्यातील पुंकेसर काढावेत, सायंकाळी दुसऱ्या रंगाच्या फुलाचे पराग लावावेत व वर कागदी पिशवी बांधावी. एका फुलास एकच बी येते, म्हणून बऱ्याच फुलांवर प्रयोग करावा. दोन हंगामांत जे डोळ्यांनी दिसेल, ते बियाणे खरेदी करताना प्रत्येकाच्या लक्षात राहील.